जालन्यातला 'प्रकटीकरण' अभ्यासवर्ग – चारही शनिवार बसले, सविस्तर लिहितेय

बऱ्याच जणींनी विचारलं की तो प्रकटीकरणाचा (म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा) क्लास कसा होता, पैसे वसूल झाले का, म्हाताऱ्या माणसांना जमतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. चार शनिवार, दुपारी ३ ते ६, जालन्यात चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, फी माणशी ३०० रुपये, त्यात एक छापील वही, एक रंगीत नकाशा आणि चहा-बिस्किटं. मी आणि माझ्या सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो, वय ७१) दोघी गेलो होतो. शिकवणारे सर रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांना ग्रीक आणि थोडं हिब्रू येतं, आणि माझं नाव कुठंही टाकू नका म्हणाले म्हणून टाकत नाही.

मी का गेले ते आधी सांगते, कारण त्याशिवाय मला हा क्लास एवढा का भावला ते कळणार नाही. माझं माहेर औसा तालुक्यातलं. १९९३ ला मी तिसरीत होते. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बुडवून लोक झोपलेले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ४ वाजायच्या आतच किल्लारीला जमीन हलली. आमचं गाव तिथून बरंच लांब, आमची एकच भिंत गेली, पण पुढं कित्येक महिने आम्ही घरात झोपलो नाही, अंगणात पत्र्याखालीच. त्याच दिवसांत एक तंबूतली सभा झाली, बाहेरून आलेल्या एका वक्त्यानं बायबलमधल्या मत्तय या पुस्तकाचा २४ वा अध्याय उघडून सांगितलं की दुष्काळ झाला, भूकंप झाला, आता जग संपायला काही महिने उरलेत. आमच्या बाबांनी त्या वर्षी रब्बी पेरायची की नाही यावर आठ दिवस विचार केला हो! शेवटी आईनं भांडून ज्वारी पेरायला लावली. ती ज्वारी आली आणि आम्ही वर्षभर खाल्ली. पण माझ्या मनात जी भीती बसली ती बसलीच, प्रकटीकरण उघडलं की पोटात गोळा यायचा, बायबल वर्षात एकदा पूर्ण वाचायचे पण शेवटचे २२ अध्याय पटापट नजर फिरवून संपवायचे.

आणि आत्यांचं दुखणं वेगळंच. काही वर्षांपूर्वी त्या गावी अंबडकडं एकट्या राहायच्या तेव्हा एका कन्व्हेन्शनला जाऊन आल्या आणि तिथं कुणीतरी सांगितलं की रेशनच्या मशीनवर अंगठा देणं म्हणजे श्वापदाची (म्हणजे प्रकटीकरणातल्या, देवाच्या विरोधातल्या सत्तेची) खूण घेणं, शास्त्रात उजवा हात म्हटलंय तो हाच. झालं. आत्यांनी रेशन दुकानात जायचं बंद केलं. "मी न्हाई देणार मव्हा उजवा हात, सांगितलंय शास्त्रात," एवढंच म्हणायच्या. माणशी ५ किलो धान्य, तेवढंही सोडून दिलं आणि आम्हाला कळू दिलं नाही, आम्ही दिवाळीला गेलो तेव्हा घरात पिठाचा रिकामा डबा बघून मला कळलं की बाई एक वेळ खातेय. मला त्या वक्त्याचा आजही राग आहे. शास्त्र वाचून दाखवायचं आणि म्हातारीच्या ताटातली भाकर काढून घ्यायची हे कोणत्या देवाच्या नावानं चाललंय!

तर आता क्लासकडं येते.

पहिला शनिवार पूर्ण नकाशावर गेला आणि मला तोच सगळ्यात जास्त आवडला. सरांनी सुरुवातीलाच सांगितलं की हे पत्र आहे, आणि पत्र ज्याला लिहिलं त्यानं ते कसं वाचलं असेल ते आधी बघू, आपल्यापर्यंत मग येऊ. लिहिणारा योहान पात्म बेटावर, बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स. ९५ च्या आसपास, रोममध्ये डोमिशियन बादशहा, आणि पत्र कुणाला तर सात मंडळ्यांना, म्हणजे सात गावांतल्या विश्वासणाऱ्यांना: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. ही सगळी गावं आजच्या तुर्कस्तानात आहेत, स्मुर्णा म्हणजे आजचं इझमीर, नकाशावर एकामागून एक अशी लागतात की पत्र घेऊन निघालेला माणूस त्याच क्रमानं फिरत गेला असेल. इतकी वर्षं मी ही नावं नुसती वाचलीत, ती खरी गावं आहेत, तिथं बाजार भरायचा, पाणी भरायचं असायचं, हे कधी मनातच आलं नव्हतं.

लावदिकीयाला 'तू कोमट आहेस' असं प्रभू म्हणतो ना, त्याचा अर्थ आम्ही नेहमी 'भक्ती कमी झाली' एवढाच ऐकलेला. सरांनी सांगितलं की जवळच्या हिरापलीला गरम पाण्याचे झरे होते, अंग शेकायला लोक जायचे, आजही पामुक्कले नावानं बघायला जातात, आणि दुसऱ्या बाजूला कलस्सैला थंडगार पाणी. लावदिकीयाला मात्र लांबून नळातून आणलेलं, चुनखडीचं पाणी, ना गरम ना गार, त्या नळांमध्ये चुना साचलेला अजून सापडतो. गरम पाणी कामाचं, गार पाणीही कामाचं, हे कशाच्याच कामाचं नाही. आमच्या हॉलमध्ये लातूरकडच्या तीन-चार बाया होत्या, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातूरलाच राहणाऱ्या, त्यांनी लगेच माना हलवल्या, पाण्याची चव काय असते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

आणि मग सर म्हणाले की याच लावदिकीयात इ.स. ६० ला मोठा भूकंप झाला होता. मी पेन खाली ठेवलं. गाव पडलं, पण लोक एवढे श्रीमंत की बादशहाची मदत न घेता स्वतःच्या पैशानं गाव परत उभं केलं, टॅसिटस नावाच्या रोमी इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. 'मी धनवान आहे, मला कशाची गरज नाही' हे वाक्य त्यांनाच का लिहिलं ते तेव्हा कळलं. भूकंप झाला म्हणून जग संपलं नव्हतं, गाव परत उभं राहिलं होतं, आणि त्यानंतर ३५ वर्षांनी त्यांना पत्र येतंय. मला तिसरीतली मी आठवले, पत्र्याखाली झोपणारी. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

दुसऱ्या शनिवारी मत्तय २४ आणि दानीएल. दानीएलच्या पुस्तकातली स्वप्नातली मूर्ती, सोन्याचं डोकं, चांदीची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय आणि पावलं लोखंड-मातीची, हे बहुतेकांना संडे स्कूलपासून पाठ असतं म्हणून त्यात फार वेळ घातला नाही, बरं केलं. मत्तय २४ मात्र ओळीओळीनं. शिष्यांनी मंदिराचे मोठमोठे दगड दाखवले तिथून ते बोलणं सुरू होतं, आणि ते मंदिर इ.स. ७० ला रोमी सेनापती तीताच्या सैन्यानं खरंच पाडलं, म्हणजे त्यातला बराच भाग त्याच पिढीनं डोळ्यांनी पाहिला असं मानणारे लोक आहेत, आणि त्यातलं काही अजून व्हायचंय असं मानणारेही आहेत, सरांनी दोन्ही मांडलं. पण दुष्काळ आणि भूकंप ज्या वचनात आहेत त्याच्या पुढचंच वचन काय म्हणतं तर ह्या सगळ्या गोष्टी वेदनांचा प्रारंभ आहेत. म्हणजे बाळंतकळांची सुरुवात. शेवट नव्हे. तंबूतल्या वक्त्यानं सातवं वचन वाचलं होतं आणि आठवं वाचलंच नव्हतं! आणि ३६ वं तर नाहीच नाही, तो दिवस आणि ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला.

तारखा काढणाऱ्यांचा इतिहास सरांनी अर्धा तास सांगितला. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी, दानीएलच्या २३०० दिवसांवरून हिशोब केला, त्याच्या लोकांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, हजारो लोक वाट बघत बसले, काहींनी शेतातलं पीकच काढलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. 'मोठी निराशा' म्हणूनच तो दिवस ओळखतात. मग हॅरल्ड कॅम्पिंग, रेडिओवरचा, त्यानं २१ मे २०११ सांगितली होती, त्याचे बोर्ड कितीतरी देशांत लागले होते. पीक काढलं नाही हे ऐकलं तेव्हा मला बाबांची रब्बी आठवली. आणि सरांनी लगेच पौलाचं २ थेस्सलनीकाकरांस हे पत्र उघडायला लावलं, पौलाच्या काळातही 'प्रभूचा दिवस येऊन ठेपला' असं कुणीतरी पसरवलं होतं, आणि त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल सांगतोय की शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा. बाबांना हे वाचून दाखवायला हवं होतं, ते आता नाहीत.

तिसऱ्या शनिवारी हॉल गच्च भरला, कारण त्या दिवशी श्वापदाचा आकडा, ६६६. लोक मागं उभे होते. सरांनी आधी सहाव्या अध्यायातला काळा घोडा घेतला, त्याच्या स्वाराच्या हातात तागडी आणि आवाज येतो की एका दिनाराला मापभर गहू, तीन मापं जव. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि ते माप म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं खाणं. मग बायकापोरांनी काय खायचं? म्हणून गरीब जव घेणार. आणि तेल-द्राक्षारसाला धक्का नाही, म्हणजे श्रीमंताच्या ताटातलं जसंच्या तसं. माझ्या शेजारी बसलेल्या बाई, त्या सोयाबीन काढायला मजुरीनं जातात, हळूच म्हणाल्या, "आमचं तेच तर चालू लागलंय." हे भविष्य किती लांबचं आणि किती जवळचं हे त्या एका वाक्यात मला समजलं.

मग फळ्यावर ६६६. हिब्रूमध्ये अक्षरांना आकड्यांची किंमत असते हे सांगून त्यांनी 'नेरोन कैसर' (म्हणजे रोमी बादशहा नीरो) लिहिलं आणि प्रत्येक अक्षराखाली आकडा: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. आम्ही सगळ्यांनी वहीत बेरीज केली. ३०६ आणि ३६०. ६६६. हॉलमध्ये एकदम शांत झालं. मग ते म्हणाले की काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि नावातलं शेवटचं 'न' काढलं तर ५० कमी होऊन बरोबर ६१६ च येतं. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत हेही सांगितलं, आणि नीरो होऊन गेला म्हणजे पुढं असा कुणी येणार नाही असं नाही हेही. आणि एक गोष्ट जी मला माहीतच नव्हती, 'ख्रिस्तविरोधक' हा शब्द प्रकटीकरणात एकदाही नाही, तो फक्त योहानाच्या पत्रांत आहे, आणि तिथं योहान म्हणतो की असे पुष्कळ आलेलेच आहेत.

प्रश्न चिठ्ठीवर द्यायचे होते. आत्यांना लिहिणं जमत नाही, त्यांनी माझ्या कानात सांगितलं आणि मी लिहिलं: रेशनला अंगठा दिला तर ती खूण होती का. सरांनी चिठ्ठी वाचली आणि कुणी हसायच्या आत म्हणाले की हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. त्यांनी तेराव्या अध्यायातली खूण वाचली, उजव्या हातावर किंवा कपाळावर. मग पान न उलटता चौदाव्याचं पहिलं वचन, कोकऱ्याबरोबर (म्हणजे ख्रिस्ताबरोबर) एक लाख चव्वेचाळीस हजार, त्यांच्याही कपाळावर नाव आहे, कोकऱ्याचं आणि पित्याचं. मग मागं जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा ६ वा अध्याय, जिथं मोशे सांगतो की ही वचनं हाताला बांध, डोळ्यांच्या मध्ये कपाळावर लाव. हात म्हणजे आपण काय करतो, कपाळ म्हणजे आपण काय मानतो. आणि प्रकटीकरण १४:९ मध्ये खूण आणि श्वापदाची भक्ती एकत्रच येतात, वेगळी होतच नाहीत. जे लोक ही खूण पुढं खरोखर अंगावर दिसणारी असेल असं मानतात ते सुद्धा हे मान्य करतात की ती भक्तीची खूण आहे. कुणी झोपेत लावेल, फसवून लावेल, मशीनवर न कळत लागेल अशी ती गोष्टच नाही. आत्यांकडं बघून म्हणाले, "आजी, तुमच्या कपाळावर कुणाचं नाव आहे?" आत्या म्हणाल्या, "येशूचं." "मग तो अंगठा बी त्याचाच हाय. खुशाल द्या."

रिक्षात येताना त्या पूर्ण रस्ताभर काही बोलल्या नाहीत, उजवा हात मांडीवर पालथा ठेवून बसल्या होत्या. पुढच्या महिन्यात मी त्यांना गावी घेऊन गेले, कार्ड अजून तिथलंच आहे. मशीनवर अंगठा ठेवला, उमटेना, आयुष्यभर खुरपं धरून घासलेला अंगठा तो. तीनदा नाही म्हणालं मशीन. चौथ्यांदा त्यांनी पदराला पुसला, ओठ हलवून प्रार्थना केली, आणि ठेवला, तेव्हा घेतलं. दुकानदाराला काही कळलं नाही, मी मात्र बाहेर येऊन रडले.

चौथा शनिवार. इथं माझी तक्रार आहे आणि ती मी सरांनाही सांगितली. रॅप्चर (मंडळी वर उचलली जाणं), महासंकट (शेवटचा मोठा छळ), ख्रिस्ताचं सहस्र वर्षांचं राज्य, नवं यरुशलेम, एवढं सगळं तीन तासांत बसवायचा प्रयत्न केला आणि बसलं नाही. एक मत की प्रभू आधी येईल मग सहस्र वर्षं, दुसरं की सहस्र वर्षांनंतर येईल, तिसरं जुन्या काळच्या ऑगस्टीन या धर्मगुरूपासून चालत आलेलं की सहस्र वर्षं म्हणजे हाच मंडळीचा काळ. पाठोपाठ तक्ते फळ्यावर आले आणि 'सहस्रवर्षपूर्व', 'सहस्रवर्षोत्तर' असले शब्द, मागच्या दोन रांगांनी वह्या मिटल्या. संकटाच्या आधी मंडळी गुपचूप उचलली जाईल ही शिकवण आजच्या रूपात डार्बी नावाच्या माणसानं १८३० च्या दशकात मांडली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधल्या टिपांमुळं ती जगभर गेली, हे सांगितल्यावर एक दादा उठूनच गेले, त्यांना ते लहानपणापासून शिकवलेलं, त्यांना वाटलं त्यांच्या विश्वासावर बोट ठेवलं. सरांचा हेतू तसा नव्हता, वचन तेच आहे, १ थेस्सलनीकाकरांस ४, वाद फक्त कधी आणि कसं यावर आहे, पण वेळ काढून प्रेमानं सांगायला हवं होतं. यासाठी पाचवा शनिवार ठेवायलाच पाहिजे.

त्यातही एक गोष्ट मात्र मनात कायमची राहिली. त्याच वचनातल्या 'प्रभूला भेटायला' यातला भेटीचा जो ग्रीक शब्द आहे तोच दहा कुमारींच्या दाखल्यात आहे आणि 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात रोमचे बंधू पौलाला आणायला गावाबाहेर येतात तिथंही. म्हणजे बाहेर जाऊन मोठ्या पाहुण्याला वाजतगाजत आत घेऊन येणं. सर म्हणाले आपल्याकडं नवरदेव मारुतीच्या देवळात थांबतो आणि मुलीकडचे आणायला जातात ना, तसं. आणायला गेलेले लोक तिकडंच निघून जात नाहीत, नवरदेवाला घेऊन मांडवात येतात. काहींना हा अर्थ पटत नाही पण मला तो इतका लागला की त्या रात्री मी २१ वा आणि २२ वा अध्याय घाई न करता वाचला, आत्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. नगरच स्वर्गातून खाली येतं तिथं, देव माणसांत राहायला येतो, डोळ्यातलं पाणी पुसतो.

बाकीचं पटकन. माइक खराब होता, दुसऱ्या शनिवारी तर तासभर घरघर. वहीतली अक्षरं फार बारीक, आत्यांना चष्म्यानंही दिसली नाहीत, म्हाताऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांच्या वेगळ्या प्रती काढा म्हणून सांगितलंय. नकाशा मात्र जाड कागदाचा, छान, आमच्या भिंतीवर लावलाय. बायकांसाठी बाथरूम एकच. बाहेरगावच्या लोकांना ६ नंतर अंबड, घनसावंगीकडच्या बसची धावपळ होते, तेव्हा २ ते ५ केलं तर बरं. पाळकसाहेब चारही दिवस स्वतः मागं बसून ऐकत होते, कुठं टोकलं नाही, हे मला फार मोठं वाटलं. पुस्तकं-सीडी विकायचा स्टॉल नव्हता, प्रार्थनेच्या तेलाच्या बाटल्या नव्हत्या, शेवटी दानपेटीसुद्धा फिरवली नाही.

कुणी जावं? ज्यांना भीती घातली गेलीय त्यांनी नक्की. ज्यांना तारीख पाहिजे त्यांनी येऊ नये, मिळणार नाही. नारायण शेषाद्री या मिशनऱ्यांनी इथं जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हापासून आपल्या भागात वचन आहे, पण असं बसून, नकाशा उघडून, दोन्ही बाजू सांगून शिकवणारं मी तरी पहिल्यांदा पाहिलं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, तो अर्धा चौथ्या शनिवारचा.

पुढचा वर्ग दानीएलवर आहे, सोयाबीनची काढणी झाल्यावर, फी तेवढीच. येताना स्वतःचं बायबल आणा, हॉलमधल्या प्रती पुरत नाहीत. आत्यांनी आमच्या दोघींची नावं शेवटच्या दिवशीच लिहून दिलीत आणि स्वतःच्या नावापुढं अंगठा केलाय.